दादाची गाडी आणि चौदा महिन्यांचा प्रश्न

माझा मावसभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, सहा महिने मला एकच प्रश्न विचारत होता की इलेक्ट्रिक गाडी आत्ता बुक करू की थांबू, आणि मी सहा महिने त्याला दर वेळी वेगळं उत्तर देत होतो कारण खरं सांगायचं तर मलाच नीट कळत नव्हतं. शेवटी एका रविवारी तो, वहिनी आणि मी लॅपटॉप उघडून बसलो आणि होते नव्हते ते सगळे आकडे एका शीटमध्ये टाकले. त्या शीटचं काय झालं ते इथे लिहितोय. पैसे मी चलनात देत नाहीये. गाडी रस्त्यावर येईपर्यंतची छापील किंमत १०० धरलीये आणि बाकी सगळं त्याच मापात आहे, म्हणजे ज्याला हवं त्याने स्वतःची किंमत टाकून बघावं.

आधी परिस्थिती. दादाची पेट्रोल गाडी बारा वर्षं जुनी. क्लच संपत आलाय, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करतो, टायरही आलेत बदलायला, मेकॅनिकने या सगळ्याचा अंदाज दिला ३.५. आणि गाडी आज विकली तर येतील ८. ऑफिस जाऊन येऊन रोज ६४ किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस २३० धरले तर १४,७०० च्या आसपास, दोन महिन्यांतून एकदा ३५० किलोमीटरवर जाणं आणि तेवढंच परत येणं म्हणजे ४,२००, वरून इकडचं तिकडचं दोन हजार. म्हणजे वर्षाला साधारण २१,०००. वहिनींना आठवड्यातून दोन-तीनदा नाइट ड्युटी असते, तेव्हा हीच गाडी त्या घेऊन जातात. पार्किंग स्वतःचं, पण तिथे प्लग नाही.

त्याच्यासमोर तीन रस्ते होते. एक, आत्ताचं मॉडेल, ६० युनिटची बॅटरी (म्हणजे ६० किलोवॅट-तास, आपण वीजबिलात युनिट म्हणतो तेच), विकत घ्यायचं. दोन, तीच गाडी ३६ महिन्यांच्या लीजवर (म्हणजे दर महिना हप्ता देऊन वापरायची, मुदत संपली की परत करायची). तीन, त्याच कंपनीचं ८०० व्होल्टवालं नवीन मॉडेल चौदा महिन्यांनी येणार असं जाहीर झालं होतं, त्याची वाट बघायची. आणि या सगळ्यावर एक टांगती तलवार, नोंदणीवरची सरकारी सवलत नऊ आठवड्यांत संपणार होती. ती गेली की १०० ची गाडी १०६ ला.

चौदा महिने थांबून मिळणार काय होतं

दादाला नवीन मॉडेल हवं होतं ते चार्जिंगच्या स्पीडसाठी. ही इच्छा चुकीची नाही, ८०० व्होल्टची ह्युंदाई आयोनिक ५ २०२१ मध्ये आली तेव्हा ३५० किलोवॅटच्या चार्जरवर बॅटरी १० ते ८० टक्के १८ मिनिटांत हे ऐकून आम्हीही चाट पडलो होतो. आत्ताच्या मॉडेलला तेवढ्यालाच ३० मिनिटं लागतात. पण मी म्हटलं दादा, तुझ्या वर्षात हे कितीदा येणार ते मोजू.

रोजचं ऑफिस त्यात येतच नाही. ही गाडी मिश्र रस्त्यावर १०० किलोमीटरला १६ युनिट खाते, म्हणजे ६४ किलोमीटरला दहा-साडेदहा युनिट, चार्जिंगमधलं नुकसान धरून साडेअकरा, आणि हे साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चार तासांच्या आत भरून निघतं. झोपेत. वहिनींच्या ड्युटीच्या रात्री गाडी घरी नसते पण एक-दोन रात्री चुकल्या तरी काही अडत नाही, बॅटरीत पाच दिवसांचं ऑफिस मावतं. (याच हिशोबाने ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर लावायचा घरचा चार्जर, पण उडाला, तो लागणारच असं शोरूममध्ये प्रत्येकजण सांगत होता.)

मग उरतो फक्त लांबचा प्रवास. हायवेला खप १९ धरा, ३५० किलोमीटरला ६६-६७ युनिट. घरून फुल्ल करून निघालं आणि पोचताना दहा टक्के शिल्लक हवी असं म्हटलं तर वाटेत जेमतेम १३ ते १५ युनिट भरायची. आत्ताच्या गाडीला त्याला अकरा मिनिटं लागतील, नव्या गाडीला सात. फरक चार मिनिटांचा! वर्षात अशा बारा फेऱ्या, म्हणजे ४८ मिनिटं. बरं परतीला गाडी फुल्ल नसेल, तिथे घरात प्लग नसेल, म्हणून आम्ही दर वेळी पूर्ण १० ते ८० धरलं, तरी बारा मिनिटं गुणिले बारा, १४४ मिनिटं. वर्षाला अडीच तास पण नाही. आणि तेही वाटेतला चार्जर तेवढ्या ताकदीचा असेल तर, नाहीतर ८०० व्होल्टची गाडी १०० किलोवॅटच्या चार्जरवर लावली की ती पण बाकीच्यांसारखीच उभी राहते.

दादा बराच वेळ त्या १४४ आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी सहा महिने यूट्यूबवर याच विषयाचे व्हिडिओ बघण्यात यापेक्षा जास्त वेळ घालवलाय."

टेक्नॉलॉजीसाठी थांबू नयेच असं मात्र मी म्हणणार नाही. निसान लीफ डिसेंबर २०१० मध्ये आली ती २४ युनिटची बॅटरी घेऊन, अमेरिकेच्या सरकारी चाचणीत पहिल्या वर्षीची रेंज ७३ मैल, म्हणजे ११७ किलोमीटर. २०१८ ची लीफ ४० युनिटची, १५१ मैल, २४३ किलोमीटर. तेव्हा थांबणाऱ्याला दुप्पट गाडी मिळाली हे खरंच, आणि आधी घेतलेल्याची गाडी विकायला काढली की कोणी विचारेना. वर त्या पहिल्या लीफची बॅटरी नुसत्या हवेवर थंड होणारी, ॲरिझोनासारख्या गरम भागात ती लवकर क्षमता गमवायला लागली आणि २०१२ मध्ये ती तक्रार गाजली, शेवटी कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. आणि तिचं फास्ट चार्जिंगचं पोर्ट चाडेमो, जपानबाहेर आता ते मागे पडलंय. म्हणजे जुनं होणं दोन प्रकारचं. एकात फक्त शेजाऱ्याची गाडी तुमच्यापेक्षा भारी होते. दुसऱ्यात तुमच्या गाडीला लागणारा प्लगच रस्त्यावरून कमी होत जातो, किंवा उन्हाने बॅटरी मरते. दुसऱ्या प्रकारासाठी थांबावं, नक्की थांबावं. उत्तर अमेरिकेत मे २०२३ मध्ये फोर्डने आणि जूनमध्ये जनरल मोटर्सने टेस्लाचा प्लग घ्यायचं जाहीर केलं, त्यानंतर तिथे नवीन गाडी घेणाऱ्याने पोर्ट कुठलं हे विचारणं रास्तच होतं. दादाच्या बाबतीत मात्र पोर्ट दोन्ही मॉडेलला तेच, बॅटरीला लिक्विड कूलिंग दोन्हीकडे. त्याचं थांबणं पहिल्या प्रकारातलं होतं.

आणि किंमत? थांबलं की स्वस्त होईल हे सगळेच बोलतात आणि मोठ्या पल्ल्यात ते बरोबरही आहे. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जेच्या बाजारावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०२३ मध्ये युनिटमागे १३९ डॉलर होती, २०२४ मध्ये ११५. पण त्याच पाहणीत २०२२ मध्ये ती वाढून १५१ झाली होती, लिथियम तेव्हा आभाळाला भिडलं होतं. म्हणजे दहा वर्षांचा उतार खरा, पण "माझ्या पुढच्या चौदा महिन्यांत" काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही. बॅटरी स्वस्त झाली तरी तो पैसा कंपनी किमतीत देईल की मोठ्या स्क्रीनमध्ये घालेल हे पण आपल्या हातात नसतं.

वहिनींनी माझी शीट मोडली

माझ्या पहिल्या शीटमध्ये मी एकदम खुशीत लिहिलं होतं की थांबण्याचा तोटा: पेट्रोल महिन्याला ०.६, वीज फक्त ०.१५, म्हणजे दर महिना ०.४५ वाया, चौदा महिन्यांचे ६.३, वर दुरुस्ती ३.५, वर सवलत ६ जाणार. एकूण १५.८. बघ दादा, थांबणं किती महाग पडतंय!

वहिनी चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, आणि नवीन गाडीचा हप्ता कुठेय यात?"

नव्हता. मी पेट्रोलची बचत मोजली होती आणि ती बचत करण्यासाठी लागणारी गाडीच फुकट धरली होती. हसू नका, हा घोळ भलेभले करतात, शोरूमवाले तर तो कागदावर छापूनच देतात.

नीट मांडल्यावर असं झालं. जुनी गाडी: पेट्रोल ०.६, दुरुस्ती ३.५ भागिले चौदा म्हणजे ०.२५, आणि किंमत उतरते ती ०.१. महिन्याला ०.९५. नवीन गाडी: लीजचा हप्ता साधारण १.७७ (तो कसा आला ते पुढे), वीज ०.१५, विम्याचा जास्तीचा खर्च ०.१ धरा. २ च्या वर. म्हणजे जुनी गाडी ओढत राहिलं तर दर महिन्याला १ च्या वर वाचतो, चौदा महिन्यांत १४ ते १५. त्यातून सवलतीचे ६ वजा केले तरी थांबणं ८-९ ने स्वस्त.

हे बघून खोलीत शांतता. इलेक्ट्रिक गाडी घेऊन पैसे वाचवायचे असं सहा महिने चाललेलं आणि शीट सांगतीये की सगळ्यात स्वस्त गाडी खाली उभी आहे, क्लच बदला आणि गप चालवा. आणि मला वाटतं ज्याची जुनी गाडी धड आहे त्याच्यासाठी बहुतेक वेळा हेच उत्तर असतं, फक्त ते ऐकायला कोणी येत नाही.

पण मग वहिनीच म्हणाल्या की गेल्या पावसाळ्यात दोनदा त्या रात्री अडीच वाजता गाडी बंद पडून रस्त्यात उभ्या होत्या, आणि ३.५ खर्च केल्यावर पुढचं काही मोडणार नाही अशी मेकॅनिक लिहून देतो का. देत नाही. ८-९ ला चौदाने भागलं तर महिन्याला ०.६. तर प्रश्न एवढाच उरला की महिन्याला ०.६ देऊन रात्रीची खात्रीची गाडी घ्यायची का. दादाने अर्ध्या सेकंदात हो म्हटलं. सहा महिने जे चाललं होतं ते अर्ध्या सेकंदात मिटलं कारण प्रश्नच चुकीचा विचारला जात होता, बॅटरीच्या किमतीचा आणि नव्या मॉडेलचा त्यात काही संबंधच नव्हता, तारीख ठरवणार होता तो जुन्या गाडीचा क्लच आणि वहिनींची ड्युटी.

विकत की लीज

आता इथे मी जरा सावकाश जातो कारण लीजचा कागद वाचायला कोणालाच आवडत नाही आणि खेळ सगळा तिथेच असतो.

लीजचा हप्ता दोन तुकड्यांचा. पहिला, गाडी जेवढी उतरणार तेवढी रक्कम भागिले महिने. दुसरा, व्याज. लीजवाले ते बऱ्याचदा मनी फॅक्टर नावाच्या छोट्या दशांशात सांगतात, त्याला २४०० ने गुणलं की आपल्या ओळखीचा वार्षिक दर येतो, आणि सुरुवातीची किंमत अधिक शेवटची किंमत, या बेरजेला तो फॅक्टर लावला की महिन्याचं व्याज. शेवटची किंमत म्हणजे रेसिड्युअल, तीन वर्षांनी गाडीची किंमत किती राहील याचा लीज कंपनीने आजच लिहून दिलेला अंदाज.

पहिलं कोटेशन आलं ते किंमत १००, रेसिड्युअल ५०, फॅक्टर ०.००३५ म्हणजे ८.४ टक्के. उतार ५० भागिले ३६, १.३९. व्याज १५० गुणिले ०.००३५, ०.५२५. हप्ता १.९१, तीन वर्षांचे ६८.९.

आम्ही विचारलं की विकत घेणाऱ्याला स्टॉकमधल्या गाडीवर ७ ची सूट देताय, मग लीजवाल्याची किंमत १०० कशी? थोडा वेळ इकडेतिकडे बघून झालं, मग ९३ झाली. लीजवर पण किंमतीची घासाघीस करता येते हे लोकांना माहीतच नसतं, हप्ता ऐकतात आणि सही करतात. आणखी एक, सरकारी सवलत. लीजमध्ये मालक लीज कंपनी असते त्यामुळे सवलत तिच्या खिशात जाते, ती हप्त्यात उतरलीये का ते विचारावं लागतं. अमेरिकेत २०२३ पासून हाच मुद्दा उलटा फायद्याचा ठरला होता, विकत घेणाऱ्याच्या ७,५०० डॉलरच्या करसवलतीला, म्हणजे क्रेडिटला, गाडी कुठे बनली, बॅटरीतला माल कुठला अशा अटी होत्या पण लीज कंपनीला व्यावसायिक वाहनाच्या कलमाखाली त्या अटींशिवाय क्रेडिट मिळायचं, म्हणून बाहेर बनलेल्या कितीतरी गाड्या लोकांनी लीजवरच घेतल्या. पण ते क्रेडिट ग्राहकापर्यंत पोचवायची सक्ती कंपनीवर नव्हती. दादाच्या कोटेशनमध्ये सवलतीची ओळ विचारल्यावर उगवली.

मग किलोमीटर. लीजमध्ये वर्षाला १५,००० ची मर्यादा, दादाचे २१,०००. तीन वर्षांत १८,००० जास्त, दर हजाराला ०.३ दंड, ५.४ शेवटी एकदम भरायचे. त्याऐवजी सुरुवातीलाच २२,००० ची मर्यादा मागितली तर रेसिड्युअल ५० वरून ४७ वर येतो. हिशोब: ४६ भागिले ३६, १.२८, अधिक १४० गुणिले ०.००३५, ०.४९. हप्ता १.७७. तीन वर्षांचे ६३.६. कमी मर्यादा घेऊन दंड भरला असता तर ६१ अधिक ५.४, ६६.४. जवळपास ३ वाचले फक्त खरं किलोमीटर सांगून.

आता विकत. ९३ ला घेतली, कर्ज आणि स्वतःच्या पैशाचं बुडणारं व्याज दोन्ही ७.२ टक्क्यांनी धरलं, आणि तीन वर्षांनी ४७ ला विकली तर एकूण पडते ६१.१. म्हणजे लीज २.५ ने महाग. पण ४७ ला विकली गेली तर! ३८ लाच गेली तर विकत घेणं पडतं ६९, आणि लीज तिथेच, ६३.६. बरोबरी होते ती ४४ ला. तीन वर्षांनी गाडी ४४ च्या वर विकली जाणार असं वाटत असेल तर विकत घ्या, खाली वाटत असेल तर लीज. बाकी ब्रोशरमधलं सगळं "टेन्शन फ्री" वगैरे बाजूला ठेवा, प्रश्न हा एकच आकडा आहे.

मग आम्ही त्याच मॉडेलच्या तीन वर्षं जुन्या गाड्या कितीला लावल्यात ते शोधलं. ४५ ते ४९. पण ती मागायची किंमत, डीलर आपल्याकडून घेताना त्यातून ५ तरी कापतो. म्हणजे ४० ते ४४. आणि तेही नवीन मॉडेल यायच्या आधी.

इलेक्ट्रिक गाड्यांचा रिसेल कसा झटका देतो याला पुरावे हवे असतील तर जानेवारी २०२३ बघा. टेस्लाने अमेरिकेत एका झटक्यात किमती २० टक्क्यांपर्यंत खाली आणल्या, मॉडेल वाय लाँग रेंज ६५,९९० डॉलरवरून ५२,९९० वर. आदल्या दिवशी डिलिव्हरी घेतलेल्याची गाडी सकाळी उठेपर्यंत सेकंडहँडच्या खाली. हर्ट्झसारख्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेणार म्हणून जाहीर केलं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, घसाऱ्यापोटी २४.५ कोटी डॉलरचा फटका दाखवून. रोज गाड्यांचाच धंदा करणाऱ्यांचा अंदाज असा चुकत असेल तर दादाने तीन वर्षांनंतरच्या किमतीवर पैज का लावावी? लीजमध्ये ती पैज लीज कंपनी लावते, आणि दादा त्यासाठी तिला २.५ देतो. मला ते स्वस्त वाटलं.

दादाचा आक्षेप होता तो चांगला होता. "पण मी गाडी बारा वर्षं वापरतो, तीन वर्षांनी विकायचीच नाहीये मला." खरंय, जो माणूस गाडी झिजवूनच टाकतो त्याला तीन वर्षांच्या रिसेलचं काही देणंघेणं नाही, त्याने सरळ विकत घ्यावी. पण दादाच्या लीजच्या कागदात शेवटी ४७ ला गाडी विकत घेण्याचा हक्क लिहिलेला होता. म्हणजे तीन वर्षांनी गाडी आवडली, बॅटरी तब्येतीने ठीक निघाली, तर ४७ देऊन ठेवून घ्यायची, नाव बदलायचा खर्च २ धरा, एकूण साडेचार जास्त पडले. आणि बाजारात तशीच गाडी ४० ला मिळत असेल तर ही परत करून ती घ्यायची! हा हक्क कागदात लिहिलेला नसता, किंवा "त्या वेळच्या बाजारभावाने" असं मोघम असतं, तर मी त्याला विकतच घ्यायला सांगितलं असतं.

दोन कलमं आम्ही मुद्दाम शोधून वाचली. मध्येच लीज मोडली तर काय, तर जवळपास उरलेले सगळे हप्ते. दादाची नोकरी पक्की आहे म्हणून चाललं, ज्याला वर्षभरात परदेशी जायचा चान्स आहे त्याने या कलमापाशीच थांबावं. आणि परत करताना टायरची नक्षी किती उरली पाहिजे, कारण या गाड्या वजनदार, उचल जबरदस्त, टायर लवकर जातात, आणि मग ऐन परत करायच्या महिन्यात नवे चार टायर दुसऱ्याच्या गाडीला घालायची वेळ येते.

तारीख

आता सवलतीचे नऊ आठवडे. फॅक्टरीतून रंग निवडून मागवली तर आठ ते दहा आठवडे. दादाला निळा रंग हवा होता. मी म्हटलं आधी हे शोध की सवलतीसाठी कुठली तारीख धरतात, बुकिंगची, बिलाची की नोंदणीची.

यात लोक खरोखर पोळलेत. जर्मनीने १६ डिसेंबर २०२३ ला, शनिवारी, जाहीर केलं की इलेक्ट्रिक गाडीच्या अनुदानाचे अर्ज दुसऱ्या दिवसापर्यंतच घेणार. अर्ज करायला गाडीची नोंदणी झालेली लागायची, त्यामुळे ज्यांनी महिनोनमहिने आधी ऑर्डर दिली आणि गाडी यायची होती ते एका वीकेंडमध्ये बाहेर. (काही कंपन्यांनी नंतर ते पैसे स्वतः सोसले, पण त्याच्या भरवशावर कोण राहणार.) ब्रिटनने १४ जून २०२२ ला अनुदान बंद केलं ते त्याच दिवशी जाहीर करून. उलट अमेरिकेत ३० सप्टेंबर २०२५ ची मुदत होती तिथे कर विभागाने सांगितलं की त्या तारखेपर्यंत बांधील करार आणि काहीतरी रक्कम भरलेली असेल तर गाडी नंतर ताब्यात आली तरी चालेल. तीन देश, तीन रीती, त्यामुळे शोरूमच्या तोंडी "होऊन जाईल साहेब" ला शून्य किंमत.

दादाच्या बाबतीत नोंदणीची तारीख धरत होते. आठ ते दहा आठवड्यांचा शब्द आणि नऊ आठवड्यांची मुदत, म्हणजे ६ साठी नाणं उडवणं. निळा रंग गेला. स्टॉकमध्ये पांढरी होती, सात महिन्यांपूर्वी बनलेली, तिच्यावरच ती ७ ची सूट. उभ्या गाडीचं काय बघायचं तर बनल्याचा महिना, टायरवरची तारीख, छोटी १२ व्होल्टची बॅटरी दमलीये का, सॉफ्टवेअर ताजं आहे का, आणि वॉरंटी कधीपासून मोजणार ते लेखी. मोठ्या बॅटरीची वॉरंटी नेहमीची, ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, ७० टक्क्यांच्या खाली क्षमता गेली तर. दादाच्या पळण्याने किलोमीटर आधी संपतात, साडेसात वर्षांच्या थोडं पुढे. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची निघाली, म्हणजे अधूनमधून १०० टक्के भरायला हरकत नाही, कंपनी उलट तसं करायलाच सांगते. तीन आठवड्यांत गाडी नोंदणी होऊन दारात.

आणि इथे आम्ही आपटलो. एवढी शीट केली आणि पार्किंगमधल्या प्लगची परवानगी मागायचं बुकिंग झाल्यावर सुचलं. बिल्डिंगच्या कमिटीने आधी आग लागेल का विचारलं, मग मीटर कोणाचा, मग केबल कुठल्या भिंतीवरून, मग एक मीटिंग कोरम नाही म्हणून रद्द. अकरा आठवडे. गाडी तीन आठवड्यांत आली, म्हणजे आठ आठवडे दादा बाहेरच्या चार्जरवर रांगेत, घरच्या विजेच्या तिप्पट दराने. पैशात ते फार नव्हतं, ०.६ च्या आसपास. पण ज्या माणसाने वर्षाच्या १४४ मिनिटांसाठी थांबू नये म्हणून मी आकडे मांडले त्याचे त्या दोन महिन्यांत किती तास चार्जरपाशी गेले ते त्याने मला मुद्दाम लिहून पाठवलं. एकोणीस. प्लगचा अर्ज सगळ्यात आधी, गाडी बघायला जायच्या पण आधी, हे मला आता कोणी विचारलं तर पहिल्या वाक्यात सांगतो.

गाडी घेऊन आता सात महिने झालेत. जुनी गाडी ८ ला म्हणत होतो ती ७.५ ला गेली. वहिनींची रात्रीची गाडी एकदाही बंद पडली नाही, फक्त एकदा सॉफ्टवेअर अपडेटला लावून दादा झोपला आणि त्यांना निघायला वीस मिनिटं उशीर झाला, त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. नवीन मॉडेल अजून आलेलं नाही, तारीख एकदा पुढे गेलीये.

शीट अजून चालू आहे. दादाने त्यात स्वतःहून एक कॉलम वाढवलाय, दर महिन्याच्या एक तारखेला तो तीन वर्षं जुन्या त्याच मॉडेलचा भाव त्यात भरतो, ४४ च्या वर असेल तर लाल, खाली असेल तर हिरवा. पहिले चार महिने लाल होते आणि तो मला दर एक तारखेला स्क्रीनशॉट पाठवून टोमणे मारायचा. गेल्या महिन्यात ४३ आला. दादाचा स्क्रीनशॉट नाही आला, वहिनींनी पाठवला.